लाल रंगाची दोन टोकं

मला लाल आणि हिरवा सारखेच मातकट दिसतात. दारातला गुलमोहर फुलला की बायको हौसेने हाक मारते आणि मी नुसतं झाड बघून येतो.

काल लेकीने फोटोतला लाल शोधणारा प्रोग्राम लिहिला. लाल तिथे पांढरं, बाकी सगळं काळं. गुलमोहराच्या फोटोत चारदोनच ठिपके उमटले.

"एवढंच?" मी विचारलं.

"थांब बाबा. कॉम्प्युटर रंगांचं वर्तुळ लालावरच कापून पट्टी करतो, म्हणून लाल दोन्ही टोकांना असतो. मी एकाच टोकाला शोधलं."

आपणही एका टोकाला शोधतो आणि नाही म्हणून मोकळे होतो.

तिने दुसरं टोक जोडलं. काळ्या पडद्यावर अख्खं झाड पांढरंशुभ्र फुललं.

मी दारात गेलो. झाड मातकटच होतं. तरी या वेळी हाक मी मारली, "अगं, बाहेर ये, गुलमोहर बघ!"