कंसातली ओळ

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही, आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुमची माझी ओळख नाही, त्यामुळे तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. पण बघा — चार वाक्यं झाली आणि मी अजून उंबऱ्यावरच उभा आहे.

तर वनितापासून सुरू करतो. तिच्याबद्दल बोलताना मी अडखळत नाही.

वनिता शेंडे मूल तालुक्यातल्या एका तळ्याकाठच्या गावातली. वडील तळ्यातली मासेमारी करायचे, अजूनही करतात. शिकून ती चंद्रपूरला आमच्या कंपनीत आली. जटपुरा गेटजवळ एका दुकानाच्या वर आमचं ऑफिस, माणसं मोजून नऊ. मी बल्लारपूरचा, रोज गाडीवर ये-जा करणारा आणि तिथला सगळ्यांत जुना. बारा वर्षं पुण्यात काढून परत आलो होतो, त्यामुळे मला सगळं येतं असा माझा समज होता. इतरांचाही होता. तो मी जपलाही होता.

आमचं काम सांगायला हवं, त्याशिवाय माझा गुन्हा कळणार नाही. आलापल्लीकडचे वनरक्षक गस्तीवर हातात एक छोटं यंत्र नेतात — कुठे काय दिसलं, त्याची नोंद करायला. त्या यंत्राच्या आतली प्रणाली आम्ही सांभाळतो. यंत्रात एकाच वेळी पाच-पंचवीस प्रोग्राम चालू असतात आणि प्रत्येकाला मेमरीतली आपापली जागा लागते. कोणाला किती जागा, कुठली जागा, हे सगळं बघणारा सर्वांत आतला कारभारी म्हणजे कर्नेल. यंत्रं दुपारी अचानक अडकायची. कोणता प्रोग्राम मेमरी खातोय, हे कर्नेललाच माहीत. त्याच्याकडून ते बाहेर काढायचं काम वनिताला दिलं.

त्यात काय एवढं, असं तुम्हाला वाटेल. विचारायचं आणि सांगायचं! पण कर्नेलला सगळ्यांचं सगळं माहीत असतं ना — हीच तर अडचण आहे. विचारणाऱ्याला विचारायचा हक्क आहे का, ते आधी बघायचं. ज्या प्रोग्रामबद्दल विचारलं, तो आपण बघत असतानाच संपू शकतो. मग आपण रिकाम्या जागेला हात घालतो आणि अख्खं यंत्र बंद पडतं. म्हणून त्याला धरून ठेवायचं, आणि बघून झालं की न विसरता सोडायचं. किती जागा वापरली ते सांगायचं, पण आतले खरे पत्ते सांगायचे नाहीत. वनिताने हे सगळं केलं. मध्येच काही बिनसलं आणि अर्ध्यातून परत फिरावं लागलं, तर त्या परतीच्या वाटेवरसुद्धा तिने धरलेलं नीट सोडलं होतं. ती वाट कोणी तपासत नाही हो! मी वाचत गेलो आणि मनात म्हणालो, ही पोरगी माझ्या पुढे गेली.

आनंद झाला का? झाला. त्याच्यामागून आणखी काहीतरी आलं — त्याला मत्सर म्हणायला मला बरीच वर्षं लागली.

आता त्या ओळीकडे येतो.

उत्तर बाहेर द्यायचं तर ते आधी मेमरीतल्या एका खोक्यात भरावं लागतं. खोकं नवं नसतं. क्षणभरापूर्वी ते दुसऱ्याच कोणीतरी वापरलेलं असतं आणि त्याचं सामान आत तसंच पडलेलं असतं. प्रोग्रामच्या नावासाठी सोळा अक्षरांची जागा ठेवली आणि नाव निघालं पाच अक्षरांचं, तर उरलेल्या जागेत आधीच्याचं जे होतं ते तसंच बाहेर जातं. म्हणून वनिताने भरायच्या आधी एक ओळ लिहिली होती : अख्खं खोकं शून्य करा. मी विचारलं, प्रत्येक रकाना तू भरतेच आहेस, मग हे कशाला? ती हसली. म्हणाली, "भाऊ, आमच्या इथी मासोळीचा वाटा टाकाच्या आधी टोपली उपडी करून दाखवतेत. सगळ्याईसमोर. एकाची मासोळी दुसऱ्याच्या वाट्यात जाऊ नाई म्हणून."

मी मान हलवली. छान आहे म्हणालो.

आणि ती ओळ काढली.

का काढली? वेग वाढेल, असं मी स्वतःला सांगितलं. ते कारण खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. खरं हे की पुण्यात असताना मी असंच काम केलं होतं, टोपली उपडी न करता, आणि ते माझ्या नावावर वर्षानुवर्षं मिरवलं होतं. तिची ती ओळ माझ्या त्या कामाकडे बोट दाखवत होती. तिला ते माहीतही नव्हतं. मला माहीत होतं, तेवढं पुरलं.

इथपर्यंत ही चूकच म्हणायची. चूक कोणाचीही होते. गुन्हा पुढचा आहे.

आमच्या धंद्यात एक रिवाज आहे. कोणी लिहिलेला बदल मुख्य कोडमध्ये जोडणारा माणूस वेगळा असतो. आमच्याकडे तो मी. जोडताना मी काही फिरवलं, तर लिहिणाऱ्याच्या नोंदीखाली चौकोनी कंसात एक ओळ टाकायची — अमुक बदल मी केला, आणि पुढे माझं नाव. कोणी सक्ती करत नाही. पण सगळे टाकतात, कारण नोंदीवर नाव लिहिणाऱ्याचं राहतं. तुम्ही तिच्या पानावर खाडाखोड केली, तर खाली सही करा. साधा सभ्यपणा आहे.

मी कंस टाकला नाही. विसरलो नाही बरं का — टाकला नाही. टाकला असता तर ती विचारायला आली असती, आणि माझ्याकडे धड उत्तर नव्हतं.

आठ महिन्यांनी नागपूरच्या तपासणी करणाऱ्यांकडून अहवाल आला. मेमरीची माहिती पुन्हा पुन्हा मागितली, की नावाच्या उरलेल्या जागेतून भलतेच तुकडे बाहेर पडतात. कधी तीन अक्षरं, कधी सहा. ते तुकडे जोडत गेल्यावर त्यांना एका वनरक्षकाच्या यंत्राचा उघडायचा आकडा मिळाला होता. चाचणीच्या यंत्रावर मिळाला, म्हणून नुकसान झालं नाही. पण ज्या यंत्रात जंगलातल्या जनावरांच्या जागा नोंदलेल्या असतात, त्याचा आकडा शिकाऱ्यांच्या हाती पडणं म्हणजे काय, ते आमच्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

देवतळे सर — आमचे मालक — यांनी सगळ्यांना बोलावलं. कोडची नोंद उघडली. कोणती ओळ कोणाची, ते तिथे नावानिशी दिसतं. नाव वनिताचं होतं. खाली कंस नव्हता.

ती उभी राहिली. "माझंच हाय सर. आजच दुरुस्त करून देतो." आमच्याकडे बायासुद्धा बोलताना असं ‘देतो’ म्हणतात, ते तिचं घरचं बोलणं सरांसमोर एरवी यायचं नाही. त्या दिवशी आलं.

त्याच आठवड्यात तिला किल्ली मिळायची होती. किल्ली म्हणजे मुख्य कोडमध्ये स्वतःच बदल जोडायचा हक्क, मधे मी नाही. ऑफिसात ती तोवर फक्त माझ्याकडे होती. सर शांतपणे म्हणाले, किल्लीचं सध्या राहू दे. मी समोर बसलो होतो. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, खरंच होतं. मी पाण्याची बाटली उघडली आणि पाणी प्यायलो.

त्यानंतर जे झालं, ते सांगायला मला सगळ्यांत जड जातंय.

ती माझ्या टेबलाजवळ आली. तिची मूळ प्रत तिच्याकडे उरली नव्हती. बदल जोडला की आधीची शाखा, म्हणजे लिहिणाऱ्याची वेगळी प्रत, पुसायची ही आमची शिस्त, आणि मधल्या काळात तिचा लॅपटॉप बदलला, त्याबरोबर पाठवलेले जुने मेलही गेले होते. चेहरा असा, की जणू घरात ठेवलेली वस्तू जागेवर सापडत नाहीये. "भाऊ, मले तं पक्कं आठवते, मी टाकली होती ते ओळ. मंग गेली कुठी?"

मी म्हणालो, "राहून गेली असेल गं. होतं असं कधी कधी."

वर प्रेमाने म्हणालो! तिच्या खांद्यावर हात ठेवला नाही एवढंच. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. तिने माझ्यावर विश्वास ठेवला, आणि तेवढ्यासाठी स्वतःच्या आठवणीवरचा काढून घेतला. ओळ काढली तेव्हा मी कोड बिघडवला होता. आता माणूस बिघडवला.

दोन दिवसांनी तिचे वडील एसटीने आले. किल्ली मिळणार, असं तिने आधीच घरी कळवलं होतं आणि नंतर काही सांगायचं तिला जमलं नव्हतं. म्हाताऱ्याने ताजी मासोळी आणली होती. ऑफिसच्या मागच्या ओट्यावर बसून त्यांनी नऊ वाटे केले. प्रत्येक वाट्याआधी टोपली उपडी करून झटकायचे, आम्हाला दाखवायचे, मग भरायचे. माझ्या वाट्यात दोन मोठी जास्त टाकली. "पोरीले शिकवलं तुमी, साहेब." मी तो वाटा घेतला, बल्लारपूरला नेला आणि खाल्ला. रस्सा फार चवदार झाला होता, हेही कबूल करतो.

त्यानंतर वनिता काम करताना गुणगुणायची थांबली. एक वही घेतली. लिहिलेल्या प्रत्येक ओळीसमोर खूण, संध्याकाळी पुन्हा खूण, पाठवायच्या आधी पुन्हा. जी मुलगी परतीची वाट एका नजरेत बघायची, ती आता सरळ रस्ताही तीनदा चाचपायची. आणि तरी — काय सांगू तुम्हाला — तिचं काम आणखी चांगलं होत गेलं. नव्या आलेल्यांच्या चुका ती अशा दाखवायची, की चुकणाऱ्याला लाज न वाटता शहाणपण यावं. किल्ली तिला दोन वर्षांनी मिळाली. देवतळे सरांनी माझं मत विचारलं, तेव्हा मी मोठ्या मनाने हो म्हणालो. मोठ्या मनाने! लिहितानाही तोंड कडू होतंय.

हे सगळं मी पोटात ठेवून जगलो असतो. जगतच होतो. पण मागच्या महिन्यात गडचिरोलीला एका पॉलिटेक्निकमध्ये तिचं व्याख्यान होतं. विषय हाच — कर्नेलमधली मेमरीची माहिती बाहेर कशी द्यावी. ती म्हणाली चला भाऊ, म्हणून मी गेलो आणि शेवटच्या बाकावर बसलो. किती सोपं करून सांगितलं तिने! धरणं, सोडणं, हक्क तपासणं. मुलं पुढे सरकून ऐकत होती. मला अभिमान वाटत होता, जणू काही मीच घडवली. मग तिने पडद्यावर एक जुना कोड लावला. तोच होता. त्याच्यावर तिचंच नाव, न झाकता. "ही माझी चूक," ती म्हणाली. "मी टोपली उपडी न करता वाटा टाकला."

एका मुलीने विचारलं, मॅडम, तुम्ही विसरलात?

"हो, इसरलो," वनिता म्हणाली. "मले अजूनही वाटते का मी लिवली होती. पण पोरीहो, आठवणीवर जाऊ नका. नोंदीत जे हाय तेच खरं."

मी तिथे होतो. वीस पावलांवर. तिने पाठवलेली मूळ फाइल माझ्या जुन्या मेलमध्ये आजही आहे, तिची ती ओळ जशीच्या तशी, आणि मी ते त्या बाकावर बसून आठवत होतो. व्याख्यान संपलं तेव्हा सगळ्यांबरोबर मी टाळ्या वाजवल्या. बहुतेक सगळ्यांत जोरात.

जुनी नोंद आता बदलता येत नाही. तिच्यावर पुढचं इतकं काम उभं आहे, की ती हलवली तर सगळंच हलेल. म्हणून उद्या सकाळी मी कोडमध्ये एक नवी नोंद टाकणार आहे, ऑफिसातल्या सगळ्यांना दिसेल अशी. सोबत तिची मूळ फाइल, आणि हा कागदही. ती वाचेल. वाचून काय करायचं ते ती बघेल; त्यावर मला काही म्हणायचं नाही. मला फक्त ती ओळ लिहायची आहे, जी त्या दिवशी तिच्या नावाखाली लिहायला हवी होती.

[वनिताने खोकं आधी शून्य केलं होतं. जोडताना ती ओळ मी काढली. — अविनाश]