बॅच बदलली

जगात कुठेही, कुठल्याही कामामागचा हात बदलला, की ते सर्वांत आधी माझ्या मामेसासऱ्यांना कळतं, हे मी अजूनही पैजेवर सांगायला तयार आहे. कळमेश्वरच्या एका बिस्किट कारखान्यात त्यांनी उभी हयात माल तपासण्यात घालवली. तासातासाला एक बिस्किट उचलायचं, कानाशी नेऊन मोडायचं आणि म्हणायचं, "बॅच बदलली." निवृत्तीनंतर ते नागपूरच्या बेसा भागात आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायला आले. बिस्किटं सुटली, सवय सुटली नाही. चौकातल्या तर्री-पोह्यांचा पहिला घास घेऊन एकदा त्यांनी गाडीवाल्याला विचारलं, "आज चना वहिनीनं भिजवला नाई का गा?" गाडीवाल्याची बायको खरंच माहेरी गेली होती. एका लग्नात पहिल्या पंगतीत पोटभर जेवून झाल्यावर त्यांनी दुसऱ्या पंगतीची वांग्याची भाजी वाटीत मागवली, बोट लावून चाखली आणि थेट मांडवामागे गेले. मूळ आचारी पोत्यांवर घोरत होता आणि भाजी ढवळत होता त्याचा मेव्हणा. वधूपित्याने घाबरून हात जोडले, तेव्हा मामा म्हणाले, "तक्रार नाई जी, फक्त सांगून राहिलो."

एवढ्या चिकित्सक माणसाने मला मात्र कधी एका शब्दाने टोकलं नाही, कारण मी पडलो भाचजावई. जावयाला दोष देणं त्यांच्या शास्त्रात बसत नव्हतं. भिवापूरहून आणलेल्या मिरच्या त्यांनी अंगणात वाळत घातल्या होत्या, त्यांवरून मी स्कूटर नेली, तर म्हणाले, "बरं झालं जावईबापू, कांडायचा तरास वाचला."

रोज संध्याकाळी साडेसातला त्यांच्याकडे पुण्यातल्या एका कुटुंबाची मालिका लागायची. मी गादीच्या खुर्चीवर, मामा दिवाणावर. मी शाळेतली नोकरी सोडून घरी बसून टीव्हीसाठी फुटकळ प्रसंग लिहीत होतो, आणि एके दिवशी नेमकी तीच मालिका माझ्या हाती आली. हल्ली त्या माणसाला शोरनर म्हणतात. कथा कुठे वळणार, कोण किती बोलणार, कोण कधी रडणार, सगळं त्याच्याकडे. जुने लेखक सोडून गेले होते. मालिका काढणाऱ्या मुंबईच्या मंडळींनी मला बजावलं होतं, की नाव पडद्यावर येईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, आणि दोन महिन्यांत जमलं नाही तर दुसरा माणूस बघू. माझी पाचावर धारण बसली. जमेल तेवढा गडगडाट मी त्या घरात भरला. दारं आपटू लागली, सासू ताट भिरकावू लागली.

चौथ्या संध्याकाळी मामांनी आवाज कमी केला आणि म्हणाले, "बॅच बदलली."

"कशावरून?" मी शक्य तितक्या सहज विचारलं.

"आधीचा मानूस त्या घरच्याईले जेवू देत होता. आता पाहा, चार दिवस झाले, ताटं वाढून राहिले अन् उठून राहिले. एक घास कोनाच्या पोटात नाई. नवा मानूस भेलेला हाय."

मी चहा तसाच ठेवून घरी आलो. पण दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन गेलो, हिशेब लिहितोय असं भासवून. मामा बोलत राहिले. "त्या नव्या मानसाले कोनी तरी सांगा, सासू ओरडली त आपन भेत नाई. गप बसली की भेतो." "त्याले म्हना, दार एकदाच आपट, पन कामाच्या वेळी." सहाव्या आठवड्यात मी एक अख्खा भाग नुसता जेवणाचा लिहिला. आवाज कुणी चढवला नाही. धाकट्या सुनेने न विचारता भात वाढला आणि सासूने तो मुकाट्याने खाल्ला, एवढंच. मामा तो भाग संपेपर्यंत पापणी न हलवता बसले आणि म्हणाले, "बसला हात." पंधरा दिवसांनी मुंबईहून फोन आला, की तुम्हीच पुढे लिहा.

नाव येणार त्या संध्याकाळी मी कबुली दिली, "मामा, तो नवा माणूस मीच."

"माहीत हाय जी. पहिल्याच दिवशी ती पुन्याची सासू म्हने, 'मी केव्हाची वाट पाहून राहिले.' पुन्यात कोन पाहून राहते?"

'पाहते आहे'च्या जागी घाईत माझ्या हातून निसटलेलं हे नागपूर कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. "मग मले सांगितलं काहून नाही?"

मामा ओशाळले. "जावयाले कसं सांगाचं? म्हून नव्या मानसाले सांगितलं."

माझा मान राखून त्यांनी माझी भाकरी राखली. हे ऋण मी कुणापुढेही सांगतो. फक्त त्यांच्यापुढे सांगायला लागलो, की ते उठून मिरच्या हलवायला जायचे.

गेल्या वर्षी मामा-मामी भिवापूरच्या घरी राहायला गेले. खालच्या दाराला कुलूप आहे. मी आता दर आठवड्याला संवादांत मुद्दाम एक 'राहिले' घुसवतो, आणि मुंबईची मंडळी ते शोधून खोडतात. परवा एक सुटलं. सासू सुनेला म्हणाली, "अगं, मी ऐकून राहिले आहे." जाहिराती सुरू झाल्या आणि फोन वाजला.

"जावईबापू, त्या नव्या मानसाले विचारा, वेळेवर जेवून राहिला का नाई?"

"जेवून राहिला जी," असं मी म्हणेपर्यंत जाहिराती संपल्या होत्या आणि मामांनी फोन ठेवला होता.