न सांगता बरं होण्याची सोय

लिफ्टसमोर भागवत नुसता उभा होता. सिडकोतली चार मजली इमारत, सगळ्यात वर मानसोपचारतज्ज्ञांचा दवाखाना. मी गाडी लावून आलो तरी हा खालीच.

"बटण दाबायचं ना."

"तुम्ही दाबा सर."

त्याचे दोन्ही हात पँटच्या खिशात होते. मी बटण दाबलं.

वाळूजच्या एका कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर आहे. आम्ही गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवतो. पॉवर प्रेस म्हणजे वरून खाली येणारा लोखंडी ठोकळा. खाली साचा, त्याला डाय म्हणतात, आणि मध्ये पत्रा. मोठ्या प्रेसवर समोरासमोर दोघं काम करतात. दोघांनी आपापली दोन्ही बटणं दोन्ही हातांनी दाबली तरच प्रेस खाली येते. म्हणजे हात आत राहण्याचा प्रश्नच नाही. अपघाताच्या दिवशी अशाच एका प्रेसवर भागवत आणि त्याच्यासमोर शफीक होता. शफीकच्या बाजूचा रिले, म्हणजे बटणाचा हुकूम मशीनला पोचवणारा भाग, चिकटून बसला होता. मशीनच्या हिशेबी शफीकनं बटणं दाबलेलीच होती. प्रत्यक्षात तो आत हात घालून वाकडा बसलेला पत्रा सरळ करत होता. डाय उंच, समोरच्याचे हात दिसत नाहीत. भागवतनं आपली बटणं दाबली.

शफीकच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. चौकशीत भागवतची चूक शून्य निघाली. रिपोर्ट मीच लिहिला आणि तो बरोबर आहे.

जखम भरल्यावर शफीक डिस्पॅचला बसायला लागला. भागवतला मात्र बटण दाबवेना. कुठलंच. बायकोनं, मंगलनं, मिक्सर लावायला सांगितलं तरी हा उठून अंगणात जायचा. रात्रभर जागा. प्रेस शॉपमध्ये टोमणे सुरू झाले. "बोटं त्याची गेली अन् रजा हा टाकतोय!" ते ऐकून भडकला शफीकच. "अबे, मेरी उंगलियाँ तो बीमेवालों ने गिन लिये. इसका क्या गया, गिनके बताव तुम."

सिडकोतल्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या आणि एका समुपदेशकाकडं पाठवलं. ते चांगले गृहस्थ होते. म्हणाले, "सुरुवातीपासून सगळं सांगा. मन मोकळं होईल." भागवतनं सांगितलं. बाहेर आल्यावर जिन्यातच ओकला.

"सर, परत सांगाया नका लावू. सांगितलं का माझे हात परत दाबत्यात."

इथं आमच्या धंद्याची एक पद्धत सांगायला हवी. शिफ्ट सुरू होताना उभ्यानं दहा मिनिटांची मीटिंग होते, तिला टूलबॉक्स टॉक म्हणतात. अपघात झाला की तो तिथं सांगायचा, म्हणजे दुसऱ्या लाइनवर होत नाही. साहेबांनी सांगितलं तर लोक घड्याळ बघतात. ज्याच्यासमोर घडलं त्यानं सांगितलं तर ऐकतात. त्यामुळं भागवतनं तिन्ही शिफ्टना सांगितलं होतं, मग दुसऱ्या प्लँटला, मग हेड ऑफिसहून आलेल्यांना. दरवेळी शेवटी टाळ्या. तीही पद्धतच आहे.

डॉक्टरांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "घडलेलं तोंडानं न सांगता करायचीही एक थेरपी असते. गावात कुणी करत असेल तर मला माहीत नाही. शोधा."

शोधलं. क्रेन तपासणारा माणूस नेमताना जे विचारतो तेच प्रत्येकाला विचारलं. शिक्षण काय, प्रशिक्षण किती, तुमचं काम कोण तपासतं. एक बाई काशाच्या वाट्या वाजवून मन शांत करत. प्रशिक्षण एका शिबिराचं. एक गृहस्थ पूर्वजन्मात नेणार होते. मी म्हणालो, याला या जन्मातलंच पुरे झालंय. तिसरे म्हणाले, "सर, एनर्जी मोजता येत नसते."

"मग फी कशी मोजता?"

त्यांनी फोन ठेवला.

मधल्या काळात भागवतची आई त्याला खुलताबादला दर्ग्यात घेऊन गेली. दुपारभर तो तिथं भिंतीच्या सावलीत झोपला. "तिथं कुणी काय झालं म्हणून इचारत नाय," तो म्हणाला. मी शोधत होतो ती सोय साधारण हीच होती.

शेवटी छावणी भागात एक थेरपिस्ट सापडल्या. पुण्याच्या. दर शनिवारी येत. माझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यांनी नीट दिली आणि वर सांगितलं, "खात्री देत नाही. काहींना फरक पडतो, काहींना नाही."

"त्याला सांगावं लागेल का?"

"मनात आणावं लागेल. मला सांगायची गरज नाही. आणि सध्या बाहेरही कुणी सांगायला लावू नका."

आमची सुट्टी शुक्रवारी, शनिवारी काम. प्लँट हेडनी शनिवार पगारी दिले. एका शब्दावर दिले, हे नोंदवायलाच हवं.

या थेरपीत थेरपिस्ट डोळ्यांसमोर दोन बोटं डावी-उजवीकडं हलवतात आणि माणसानं मनात तो प्रसंग धरून बोटांकडं बघायचं. भागवतनं बोटं बघितली आणि डोळे घट्ट मिटले. मग बाईंनी त्याला स्वतःच्याच गुडघ्यांवर आळीपाळीनं थापट्या मारायला लावल्या. असंही चालतं म्हणे. चार शनिवार झाले. पाचव्या आठवड्यात मंगलचा फोन आला.

"सर, ह्यांनी आज बोअरची मोटार लावली. आपल्या हातानं."

"मग?"

"मग काय, पाणी आलं."

त्याच आठवड्यात कस्टमरचं ऑडिट लागलं. प्लँट हेडनी मला बोलावलं.

"साळवे, उद्या ऑडिटर प्रेस शॉपला येतील. भागवत बोलेल पाच मिनिटं. त्याच्यासारखं कुणी सांगत नाही."

"सर, त्याची ट्रीटमेंट चालू आहे. बाईंनी मना केलंय."

"शनिवार दिले ना मी?"

"दिले सर."

"मग एक गुरुवार मला द्या."

"त्याच्याऐवजी मी सांगतो. रिपोर्ट माझाच आहे."

"तुम्ही आकडे सांगाल हो. आकड्यांनी कुणाला काय होतं?"

मी भागवतकडं गेलो. म्हटलं, नाही म्हण, मी तुझ्या मागं उभा राहतो. तो म्हणाला, "सायबांनी शनिवार दिलेत सर. नाय कसं म्हणू?"

गुरुवारी त्यानं सांगितलं. फार चांगलं सांगितलं. एका ऑडिटरनं चष्मा काढून डोळे पुसले. शेवटी भागवतचे दोन्ही हात पुढं आले आणि हवेतच खाली दाबले गेले. सगळ्यांना वाटलं, तो करून दाखवतोय. टाळ्या झाल्या. सेफ्टीचे पूर्ण गुण मिळाले.

शनिवारी बाई तासभर थांबल्या. भागवत आला नाही. फोन बंद. पुढच्या शुक्रवारी मी फुलंब्रीच्या पलीकडं त्याच्या गावी गेलो. चुलत्याच्या मेंढरांमागं माळावर होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. मोटार पुन्हा मंगलच लावत होती.

"बाई म्हणतात, परत सुरू करता येईल."

"व्हय. बाईकडं आलो का बरं वाटंल. बरं वाटलं का कंपनीत यावं लागंल. कंपनीत आलो का सांगावं लागंल."

"आता नाही सांगावं लागणार. मी बघतो."

"मागं बी तुम्हीच बघत होता की सर." हे तो रागानं म्हणाला नाही. मेंढरं पुढं गेली होती, तो त्यांच्यामागं गेला.

राजीनामा पोस्टानं आला. अपघाताच्या रिपोर्टात जखमी एकच आहे. बदलायला काही कारण नाही, नियमाप्रमाणं तो अजूनही बरोबर आहे.

आता कुणी थेरपिस्टची चौकशी केली तर मी छावणीचा पत्ता देतो आणि दोन प्रश्न सांगतो. एक थेरपिस्टला विचारायचा: यांना सांगावं लागेल का? दुसरा आपल्या साहेबांना, आधी आणि लेखी: तुम्ही यांना सांगायला लावणार का? दुसरा मी विचारला नव्हता.