लाल चिंधीची काठी

निरोप आला तेव्हा माझ्या हातात पुस्तक होतं. वाचत होते असं म्हणवत नाही; खालच्या गल्लीतून देवळाकडे जाणाऱ्या बायकांचं बोलणं कानावर येत होतं आणि मी तेच ऐकत होते. फोनवर माझी शाळेपासूनची मैत्रीण जैनब, तिच्या मुलाचा, इम्रानचा, संदेश होता. "आंटी, अम्मी गेली. दुपारच्या नमाजनंतर नेणार." मी उठले. चहाचं भांडं गॅसवर ठेवलं, उतरवलं, पुन्हा ठेवलं. त्याला आता काही आठवडे झाले आणि माझं अजून तेच चाललंय... खुर्चीवरून उठते, खिडकीपर्यंत जाते, कशाला आले ते आठवत नाही म्हणून परत येते. एका जागी बसणं हीच माझी नोकरी होती. उभा जन्म शाळेच्या ग्रंथालयात गेला. एका जागी न बसणं हा जैनबचा स्वभाव. जाताना तो माझ्या हवाली करून गेली की काय, असं हल्ली वाटतं.

ती जाण्याच्या थोडे दिवस आधी मी तिला भेटले होते. जुमेरा लेक टॉवर्समध्ये इम्रानचा फ्लॅट आहे, बराच उंचावर. जैनबने तिचा पलंग खिडकीला लावून घेतला होता. पाय चालत नव्हते, पण चादरीखाली बोटांची हालचाल सुरूच होती. "सुमे गो, ह्या बिल्डिंगी बघ," ती म्हणाली, "इतक्या उभ्या आहेत, पन एक हलत नाय. कंटाळा कसा येत नसेल?" मग टीव्हीचा रिमोट तिने माझ्या पाठीमागून, न सांगता, माझ्या हातात सरकवला. ही तिची सवयच होती. चमचा असो, किल्ली असो, अमक्याच्या लग्नाची पत्रिका असो, जैनब वस्तू समोरून कधी द्यायची नाही. मागून यायची, तळव्यावर ठेवायची आणि "घे" म्हणायची. त्यानंतर तिने नेहमीचा प्रश्न विचारला. "तू थांबलीस कशाला त्या दिवशी? पळाली असतीस की तशीच!"

मी नेहमीसारखी हसले. हा प्रश्न ती मला आम्ही शाळेत होतो तेव्हापासून विचारत आली होती.

साठच्या दशकात आमचं दुबई म्हणजे खाडी आणि खाडीचे दोन काठ. अमिराती हा शब्दही तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता. आमची शाळा बर दुबईच्या काठावर एका भाड्याच्या घरात भरायची. पलीकडे देऱ्यात एक शाळा होती, शारजात एक, आणि तेल कंपनीच्या कॅम्पात दोन खोल्यांची आणखी एक. या चौघींची मिळून एक संघटना होती, तिचं नाव मात्र भारदस्त: आंतरशालेय क्रीडा परिषद. आम्ही मुलं तिला चौकडी म्हणायचो. कॅम्पातल्या शाळेने खो-खोचा संघ मैदानात उतरवला की टाळ्या वाजवायला मागे कोणी उरत नसे. तरी दर हिवाळ्यात सामने व्हायचे, एका शाळेची मुलं पिकअपच्या मागे बसून दुसऱ्या शाळेकडे जायची, आणि परत येताना केसांत, कानांत, डब्यातल्या उरलेल्या चपातीतही वाळू असायची.

ही चौकडी टिकवली दळवी सरांनी. ते आम्हाला भूगोल शिकवायचे आणि कवायत घ्यायचे. एखाद्या शाळेला भिडू कमी पडले की सामनाच रद्द व्हायचा, म्हणून त्यांनी उसन्याची पद्धत काढली. शेजारीण वाटीभर साखर उसनी देते ना, तसा एका शाळेने दुसऱ्या शाळेला एक भिडू त्या दिवसापुरता द्यायचा. त्याने पळायचं त्यांच्यासाठी, गुणही त्यांचेच. अडचण एवढीच होती की जो तो आपलं कच्चं लिंबू उसनं द्यायचा.

मुलींसाठी कार्यक्रमात एकच शर्यत होती, चौघींची रिले. त्या वर्षी तिच्यावर संक्रांत आली. परिषदेतल्या एका वडीलधाऱ्या सभासदांनी बैठकीत सांगून टाकलं होतं, "तीन टीम से कम हुई तो लड़कियों की रेस कैंसल. सच पूछो तो ज़रूरत भी क्या है?" कॅम्पाकडे मुलींचा संघ नव्हता. देऱ्याच्या शाळेकडे पळणाऱ्या तीनच मुली होत्या. सरांनी वर्गात विचारलं, देऱ्याला उसनी कोण जाणार? मी हात वर केला. आमच्यात सगळ्यांत हळू पळणारी मीच, त्यामुळे ते ओघानेच आलं.

मागच्या बाकावरून जैनब म्हणाली, "सर, सुमी गेली तर त्यांची टीम पोचेपर्यंत काळोख पडेल. मी जाते."

ती आमची सर्वांत वेगवान मुलगी होती. दळवी सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि "जा" म्हणाले. तिची रिकामी झालेली जागा मला मिळाली, तीही शेवटच्या टप्प्याची. बाकीच्या तिघींनी आघाडी घेऊन ठेवली तर शेवटी मी ती सावकाश संपवायला हरकत नाही, असा सरांचा हिशेब असावा.

सराव मात्र आम्ही दोघी एकत्रच करत राहिलो. आमच्या घरामागच्या बोळात ती धावत यायची आणि मी पाठमोरी उभी राहायचे. हात मागे, अंगठा बाहेर, वळून बघायचं नाही, नुसती पावलं ऐकायची. काठ्या तिच्या अब्बांनी करून दिल्या होत्या. ते रत्नागिरीकडचे, खाडीत लागणाऱ्या लाँचांची इंजिनं दुरुस्त करायचे, सगळे त्यांना मिस्त्रीचाचा म्हणत. मोडक्या वल्ह्याचे तुकडे करून, घासून, प्रत्येकाला वेगळ्या रंगाची चिंधी त्यांनीच बांधली होती. आमची पांढरी, शारजाची हिरवी, देऱ्याची लाल. मुलीचं पळणं मात्र त्यांना फारसं पसंत नव्हतं. नाही म्हणत नव्हते, पण अट घातली होती. अब्रामधून, खाडी ओलांडणाऱ्या होडीतून, पलीकडे जाताना जैनबने मला ती सांगितली. "अब्बा बोलले, पळ. पन चार लोकांत हसं झालं तर खलास. पळनं बंद." सांगताना ती हसत होती, आणि तिचे पाय होडीच्या फळीवर सारखे आपटत होते. अब्रावाला वैतागून म्हणाला, "अरे बेटी, नाव डुबाएगी क्या?"

सामने शुक्रवारी दुपारी, खाडीपलीकडे, वस्तीच्या बाहेर मिठाने कडक झालेल्या सपाटीवर असायचे. रॉकेलचे रिकामे डबे मांडून वळणं दाखवलेली. वडील मंडळी चटयांवर, बायका थोड्या लांब. मिस्त्रीचाचा पहिल्यांदाच आले होते. डोक्याला लाल चौकड्यांचा रुमाल गुंडाळून सर्वांत मागे बसले होते. वारा होता. मी शेवटच्या डब्याशी उभी राहिले. माझ्या शेजारी देऱ्याची कमला, तिच्या पलीकडे शारजाची मुलगी. तिघींचे हात मागे.

मला दिसत काही नव्हतं. कानावर आरडाओरडा येत होता आणि त्यातून एक अनवाणी पावलांचा आवाज जवळ येत होता. तो मी ओळखला. बोळात रोज ऐकत होते तोच. तळव्यावर काठी आपटली, "घे!" आणि मी पळत सुटले. एवढी पुढे मी कधीच नव्हते. समोर कोणीही नाही, नुसती पांढरी सपाटी आणि टोकाला दोरी... काही पावलांनंतर हात वर आला आणि मला चिंधी दिसली. लाल.

मी थांबले. मागे वळले. जैनब तोंडावर हात ठेवून उभी होती. कमलाचा रिकामा हात अजून तसाच मागे होता. त्या दिवशीचं माझं सर्वांत वेगाचं धावणं उलट्या दिशेने झालं. मी लाल काठी कमलाच्या हातात कोंबली तर ती पळायच्या ऐवजी रडायलाच लागली, आणि तेवढ्यात आमची मुलगी पांढरी काठी नाचवत ओरडायला लागली, "अगं सुमे, ही घे ना बाई!" सगळं मैदान हसलं. चटयांवरचे पुरुष मांड्यांवर थापा मारत होते. वडीलधारे सभासद उभे राहून म्हणाले, "देखा दळवी साहब? मैंने क्या कहा था?"

जैनब हसणाऱ्यांकडे बघत नव्हती. सर्वांत मागच्या चटईकडे बघत होती. मिस्त्रीचाचा उठले आणि मैदानातून सरळ आमच्याकडे चालू लागले. तिने कडेला काढून ठेवलेल्या चपला पायांत घातल्या. तिच्या दृष्टीने सगळं संपलं होतं.

दळवी सर तेवढ्यात म्हणत होते, "उजेड आहे अजून. शर्यत पुन्हा घेऊ."

"अब फिर से?" सभासद म्हणाले.

"हां जी, फिर से."

चाचा येऊन सरांपाशी थांबले. मुलीकडे त्यांनी पाहिलंही नाही. "सर, ती लालवाली पोरगी कुठं उभी राहनार?" सरांनी कमलाकडे बोट केलं. चाचा डब्यापलीकडे जाऊन कमलाच्या बाजूला उभे राहिले. डोक्याचा रुमाल सोडला, दोन्ही हातांनी उंच धरला. मग त्यांनी जैनबच्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाले, "चपला घालून पळतीस काय?"

पुन्हा शर्यत झाली. जैनब शेवटच्या वळणावर आली तेव्हा माझ्या कानापाशी चाचा बेंबीच्या देठापासून ओरडत होते, "जैनू, हिकडं! लालकडं! त्या सुमीकडं बघू नको!" वाऱ्याने रुमाल त्यांच्या तोंडावर गुंडाळला गेला, तो सोडवत ते डब्याला अडखळले, डबा घरंगळत गेला, आणि मैदान पहिल्यापेक्षा जोरात हसलं. काठी मात्र कमलाच्या हातात पडली. शारजाची मुलगी पहिली आली, देऱ्याची कमला दुसरी. मी आले, एवढंच.

परतताना आम्ही तिघं एकाच अब्रात होतो. जैनब पहिल्यांदाच अगदी स्थिर बसली होती. पाण्याच्या मध्यावर चाचा म्हणाले, "हसले ना लोक?"

तिने मान हलवली.

"मला जास्त हसले. तुझ्यापेक्षा मला. म्हंजे पळनं माझं बंद." खाडीत थुंकून त्यांनी रुमाल पुन्हा डोक्याला बांधला. "तुझं नाय."

पुढच्या हिवाळ्यात मुलींची रिले कार्यक्रमात होती. त्यानंतरही होती. मग शाळा वाढल्या, त्यांना आपापली मैदानं मिळाली, उसन्याची गरज कोणालाच उरली नाही, आणि चौकडी कधी बंद पडली ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. दळवी सर गावी परतले. ती मिठाची सपाटी कुठे होती हे आज मला नक्की दाखवता येणार नाही. गाडीतून जाताना मी उगाच प्रत्येक चौकात मान वळवते. जैनब शाळेत खेळ शिकवणारी बाई झाली, लग्न करून, मुलं वाढवून, नवरा गेल्यावर मागे राहून, सगळं उभ्याउभ्या केल्यासारखं. शांत बस म्हटलं की तिला राग यायचा.

त्या शेवटच्या भेटीत "तू थांबलीस कशाला" विचारून झाल्यावर मी प्रथमच उलट विचारलं. "आणि तू मला दिलीस कशाला? लाल तर तुझ्याच हातात होती."

चादरीखाली तिची बोटं हलली. "समोर हात पसरलेले होते गो. त्यातला एक ओळखीचा होता. पाय तिकडंच गेले."

परवा मी इम्रानकडे गेले होते. पलंग हलवला होता. इम्रानची मुलगी सारा मला गॅलरीपाशी घेऊन गेली. काचेचं सरकतं दार पूर्ण बंद होऊ नये म्हणून त्याच्या खाचेत जैनबने एक लाकडाचा तुकडा आडवा घालून ठेवला होता. एसी चालू असला तरी तिला बाहेरची हवा लागायची. साराने तो उचलला. चिंधी केव्हाच गेली होती. लाकडावर तिचा लालसर डाग तेवढा होता.

"दादी सेड इट्स युअर्स," सारा म्हणाली.

मी काठी घेतली. वल्ह्याचं लाकूड, अजून गुळगुळीत. घरी नेऊन मी ती कुठे ठेवणार होते? पुस्तकांच्या कपाटात? धरून बसायची वस्तूच नाही ती... मला एका जागी उभं राहवेना.

"सारा, तिकडे तोंड कर. हात मागे. अंगठा बाहेर."

"लाइक धिस?"

"हो. वळून बघायचं नाही."

"बट हाउ विल आय नो इट्स यू?"

"कळतं," मी म्हटलं, आणि चालत जाऊन काठी तिच्या तळव्यावर ठेवली. "घे."

तिने बोटं मिटली. कुठे पळायचं ते तिला कळेना, म्हणून हसत दोन पावलं टाकून ती गॅलरीपाशी गेली आणि काठी होती तिथे, खाचेत, पुन्हा घातली. दार तेवढंच उघडं राहिलं. पडदा हलायला लागला.