गाडी डावीकडे ओढते

बाबांची फ्रेंच गाडी डावीकडे ओढायला लागली, तेव्हा मला आधी तिच्या खानदानाचाच संशय आला. आपल्या जिल्ह्यात तशी दुसरी गाडी मी पाहिलेली नाही. पार्ट मिळत नाहीत, मिळाले तर बसत नाहीत. पण दर गुरुवारी ती घेऊन मेहकरहून शेगावला जायचं, दर्शन घ्यायचं, कचोरी खायची आणि परतायचं, हा बाबांच्या म्हातारपणातला एकमेव मर्जीचा दिवस. तो टिकवायचा तर गाडी टिकवायला हवी होती. मी एकुलती एक, बुलढाण्याला नोकरीला. रविवारी घरी आले की गाडीचं दुखणंखुपणं माझ्याकडे.

आधी डावा आरसा गेला. मग डावं दार फाटकाच्या खांबाला घासलं. एका गुरुवारी तर मोटारसायकलवाला थोडक्यात वाचला.

"वढते ना माय ते डाव्या अंगानं," बाबा म्हणाले. "मी काय करू?"

मेहकरच्या मेकॅनिकनं गाडी वर उचलली आणि मागच्या चाकांपाशी थबकला. "इची स्प्रिंग कुठी गेली हो ताई?" स्प्रिंग नव्हतीच. तिथे नुसता एक आडवा जाड दांडा, आणि गाडी म्हणे त्याच्या पिळावर तोलली जाते. मी मोबाइलवर एका फ्रेंच माणसाचा व्हिडिओ लावला. तो काय बोलत होता देव जाणे. आम्ही दोघं त्याचे हात बघत राहिलो.

चाकांपाशचे रबरी बुश बदलले. टायर इकडचे तिकडे केले. चाकांची अलाइनमेंट करून घेतली, वर्षभरात पुन्हा पुन्हा. मेकॅनिकनं मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग सोडून दाखवलं. "पाहा, सरळ जाऊन राह्यली." मी चालवली, सरळ गेली. बाबांनी घरी आणली आणि पुन्हा खांबाला लावली. माझं डोकं चालेना. माणूस बघून ओढते की काय ही?

आईला विचारून उपयोग नव्हता. गुडघे धरल्यापासून, म्हणजे वर्षभर, ती गाडीत बसलेलीच नव्हती. पूर्वी शेजारी बसली की तोंडाचा पट्टा सुरू: "सायकल आली. म्हैस हाये. आता जाऊ द्या." तिच्या बडबडीची आम्ही सगळे टिंगल करायचो. बाबांनी मात्र तिला कधी गप्प बस म्हटलं नाही.

शेवटी एका गुरुवारी रजा टाकून मी आईच्या जागेवर बसले. कुठून आवाज येतो का, म्हणून कान दाराला लावलेला. खामगावच्या अलीकडे एका फाट्यावर बाबांनी गाडी थांबवली आणि समोरच बघत विचारलं, "तिकून काय येऊन राह्यलं?"

डावीकडून भरलेला ट्रॅक्टर येत होता, अगदी जवळ.

"ट्रॅक्टर," मी म्हटलं.

"हाव," ते म्हणाले आणि थांबून राहिले, जणू नेहमीचंच. मी दाराला लावलेला कान काढला. पुढे शेगावपर्यंत मी बोलत होते. सायकल, खड्डा, बस, बाई. गाडी कुठेच ओढली नाही.

घरी आल्यावर आईला मागच्या दाराशी गाठलं. "तुला माहीत होतं?"

"त्याईचा डावा डोया कवाच गेला. उजव्याचंही काही खरं नाही. डॉक्टरनं सांगतलं, नजर आता वापस येत नाही." ती भाजी निवडत राहिली. "मले काय बडबडाची हौस होती?"

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू चाबी घेतली असती. मंग त्या मानसानं गुरुवारी कुठं जाव?"

मला तिचा राग आला, आणि तिच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. काय करावं ते कळेना. चावी मी घेतलीच.

पुढच्या गुरुवारी पुन्हा रजा टाकून मी म्हटलं, "बाबा, मलाही हात बसू द्या." ते वाद न घालता डावीकडे बसले. त्याच फाट्यावर मी वेग कमी केला, तर आईच्या जागेवरून ते रुबाबात म्हणाले, "मोकयं हाये, चाल."

डावीकडून एका सायकलवर दोन शाळकरी मुली येत होत्या. मी करकचून ब्रेक दाबला. मुली हसत समोरून निघून गेल्या.

"काय झालं वं?" बाबांनी दचकून विचारलं.

"ओढतेय बाबा," मी म्हटलं. "डावीकडे."

त्यांनी डॅशबोर्डवर थाप मारली. कित्येक महिन्यांत इतके खूश दिसले नव्हते ते.

"मंग! मी सांगत नोहतो काय? तुमी कोनी आयकतच नाही."