सुलूताईंची मंदा कुडाळहून आली तेव्हा

शनिवारी डॉक्टरांचा सकाळचा राउंड संपला आणि कॉटवरून सुलूताईंनी मला खुणेने बोलावलं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट ही… मी नुकतीच लग्न होऊन मुलुंडला आले होते आणि उपनगरातल्याच एका कॅन्सर हॉस्पिटलात नर्स होते.

आमच्या वॉर्डात नवीन औषधांवर संशोधन चालायचं. त्याचं ट्रेनिंग कडक होतं… रक्त केव्हा घ्यायचं, ट्यूबवर लेबल कसं लावायचं, कशावर लक्ष ठेवायचं. पण औषध लागू पडलं नाही तर त्या माणसाशी काय बोलायचं, हे कुणीच शिकवलं नव्हतं.

त्या औषधावरच्याच एक पेशंट सुलूताई. गोरेगावच्या एका फिल्म स्टुडिओत कपडे शिवायच्या. नवरा लवकर गेलेला. मुलगी मंदा कुडाळजवळ आजीकडे राहून शिकत होती, त्या वर्षी दहावीला.

कांजूरमार्गला भावाच्या शेजारी एक खोली घ्यायची आणि पोरीला कायमची मुंबईला आणायची, एवढंच त्या बोलायच्या. आजारपणामुळे वर्षभर गावाला जाणं झालं नव्हतं. डोळे मिटून पडल्या की मी समजायचे… बाई कुडाळला पोचल्या.

त्या आठवड्यात त्यांचं नवीन औषध बंद झालं होतं. गाठ वाढतच होती. त्या शनिवारी राउंडला डॉक्टर त्यांच्या कॉटपाशी इंग्रजीत बोलले, आता फार दिवस नाहीत… आणि पुढच्या कॉटकडे वळले.

"बाय," सुलूताई म्हणाल्या, "स्टुडिओत मरायचा सीन असला ना, की सगळे असेच हळू बोलतात. म्हणून विचारते. मंदाची परीक्षा मार्चमध्ये आहे. ती झाली की बोलावलं तर चालेल?"

जानेवारी संपत आला होता.

विचारून सांगते म्हटलं आणि खरंच विचारायला गेले. डॉक्टर म्हणाले, "भावाला सांगितलंय सगळं. बाईला कळू देऊ नका म्हणतो." आमच्या इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "आजाराबद्दल आपण बोलायचं नसतं. धीर द्यायचा." तो कसा द्यायचा, हे त्यांनाही कुणी शिकवलेलं नव्हतं.

दुपारी भाऊ डबा घेऊन आले. मी त्यांना व्हरांड्यातच गाठलं. "दादा, मंदाला बोलावून घ्या."

"पोरीचं वर्ष जाईल, सिस्टर. आणि ती अशी मध्येच आलेली बघून सुलूला काय ते कळेल." त्यांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. "माका नाय जमाचा तिका सांगूक."

पेशंटच्या कॉटवर बसायला आम्हाला मनाई होती. मी जाऊन बसले. म्हटलं, "ताई, परीक्षेपर्यंत थांबू नका. मंदाला आत्ताच बोलवा."

त्या खिडकीकडे बघत राहिल्या. आता आपण बोलायचं की गप्प राहायचं? मी नुसता त्यांचा हात धरून ठेवला.

बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "बरं झालं बोललीस. मी आपली मे महिन्याचे बेत करत बसले होते." मग भावाला आत बोलावून म्हणाल्या, "दादा, तार कर."

इन्चार्ज सिस्टरनी मला चांगलंच सुनावलं. भाऊ तर माझ्याशी बोलेचनात.

मंदा आजीबरोबर एसटीने आली. दोन वेण्या, पिशवीत दहावीची पुस्तकं. आईच्या डोक्यावर केस नाहीत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, ती दारातच थबकली. सुलूताईंनी नुसता हात पुढे केला.

मग त्यांनी तिला कॉटला खेटून उभं केलं आणि वितीने मापं घेत सुटल्या. खांदा, बाही, कंबर… "एवढी झालीस गं?" पुन्हा खांदा. वर्षभरात किती वाढली, ते डोळ्यांनी बघून त्यांचं समाधान होत नव्हतं. मंदा हलली नाही. ताईंचा हात दुखतोय हे दिसत होतं, पण मी थांबवलं नाही.

नंतर त्या मंदाला मोठ्याने वाचायला लावायच्या. आमच्या वॉर्डात भूगोल ऐकू यायचा… शेजारच्या कॉटवरच्या बाईसुद्धा ऐकत पडायच्या.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी, मंदा वाचत असतानाच सुलूताई गेल्या. कागदपत्रं झाल्यावर भाऊ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "सिस्टर, मायलेकींची गाठ पडली…" एवढं म्हणून त्यांनी हात जोडले. मंदा परीक्षेला बसली, पास झाली, हे पुढे त्यांनीच येऊन सांगितलं.

त्यानंतर मेट्रनबाईंनी मीटिंगमध्ये विचारलं, आणखी कसलं ट्रेनिंग हवंय? कुणी नव्या मशीनचं म्हणालं. मी म्हटलं, "माणूस जाणार हे माहीत असताना त्याच्याजवळ बसायचं कसं, ते शिकवा."

बाई म्हणाल्या, "पण शिकवणार कोण?" त्या टोमणा मारत नव्हत्या, खरंच विचारत होत्या.

मग आम्हीच काहीजणी चहाच्या सुट्टीत एकमेकींना सांगू लागलो… आज कुणी काय विचारलं, कुठे शब्द सापडले नाहीत. सांगता सांगता कुणीतरी रडायची. तेवढंच आमचं ट्रेनिंग.

परवा घाटकोपरला एका नर्सिंग कॉलेजात ओळखीच्या बाईंना भेटायला गेले होते. त्या वर्गावर होत्या, म्हणून दाराशी थांबले. पेशंटने "मी जगणार ना?" असं विचारलं तर काय करायचं, तेच त्या शिकवत होत्या. आधी खुर्ची जवळ घ्या… त्यांना काय काय कळलंय ते विचारा… मग ऐका.

त्या कोवळ्या मुलींचा मला हेवाच वाटला. हे सगळं तेव्हा मिळतं तर… सुलूताईंच्या मनात आणखी काय होतं, तेही विचारता आलं असतं.

मागच्या बाकावर एक जागा रिकामी होती. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि शिकवत राहिल्या. मी चपला न वाजवता आत गेले आणि त्या मुलींमध्ये जाऊन बसले.