आमेनच्या आधी संपलेलं मटण

माझ्या थोरल्या बहिणीच्या सोयरिकीच्या जेवणावर मी इतकी लांब प्रार्थना केली, की आमेन म्हणेपर्यंत मटण संपलं होतं.

पाहुण्यांनी संपवलं नव्हतं. पाहुणे बिचारे डोळे मिटून, हात जोडून भाकरीच्या ताटांपुढे बसले होते.

तेव्हा मी विशीतला होतो आणि सोलापुरातल्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, माझी प्रार्थना गाजत होती. (असं मला वाटायचं.) तरुण संघाच्या सभेत कुणी "प्रेमानंद, तू प्रार्थना कर" म्हटलं, की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. घरात "चहा टाक की गं" असं बोलणारा मी, देवापुढे उभा राहिलो की खर्जात जाऊन "हे कृपावंता, हे सनातन पित्या" असा सुरू व्हायचो. भक्ती जेवढी खोल तेवढी प्रार्थना लांब, अशी माझी पक्की समजूत होती. आईचं सगळं याच्या उलट. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की ती चुलीत फुंकर घालता घालता म्हणायची, "बापा, आजचा दिवस तुझा. पोरांकडं बघ." आणि त्याच दमात, "प्रेम्या, ऊठ!" आमेन धुरात कुठंतरी जायचं. मला वाटायचं, एवढ्याशा प्रार्थनेला वर कोण विचारणार?

सुवार्ताताई दवाखान्यात नर्स होती. तिला दोन स्थळं येऊन गेली होती. पहिल्यांना तिनं नोकरी सोडणार नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या मुलाला, चहा पिताना त्याची जीभ दिसली तेव्हा, "तुम्ही आधी पोटाचं औषध घ्या" असं सांगितलं. तिसरं स्थळ दुधनीचं. मुलगा दानिएल, शाळेत शिक्षक. शाळेतल्या एका तापानं फणफणलेल्या पोराला पाठीवर घालून तो वॉर्डात आला होता, तेव्हा ताईनं त्याला पाहिलं होतं. तेव्हापासून ती त्याच्याबद्दल एक अक्षर बोलत नव्हती. ताई गप्प आहे, म्हणजे हे स्थळ तिला किती हवंय, हे आम्ही ओळखलं.

पाहुणे रविवारी उपासना सुटल्यावर जेवायला येणार होते. आमचे बाबा रेल्वेत गार्ड, आणि नेमकी त्याच दिवशी त्यांच्या नावावर वाडी जंक्शनची मालगाडी आली. घरातला कर्ता पुरुष म्हणून मी उरलो. इथंच खरं म्हणजे सगळ्यांनी सावध व्हायला पाहिजे होतं.

आईनं सकाळपासून काळा मसाला घालून मटण शिजवलं. दुष्काळाची वर्षं नुकतीच सरली होती. आमच्याकडे मटण म्हणजे सण. वास भिंतीपलीकडे नीलव्वाकडे गेला. नीलव्वा आमची शेजारीण, लिंगायत. एरवी दिवसातून दहादा घरात यायची, पण मटणाच्या दिवशी आमचा उंबरा ओलांडायची नाही. सगळं बोलणं मग भिंतीवरून.

"शिजतंय व्हय गं? मी आज येत न्हाय बाई. पावनं कुठलं?"

"दुधनीचे."

"अगो! माझं म्हायार की!"

पाहुणे आले. दानिएल, आणि त्याचे वडील, निवृत्त हेडमास्तर. कोट, टोपी, आणि तोंडावर परीक्षेचा निकाल लावणाऱ्या माणसाची कळा. मुलाची आई दम्यामुळे आली नव्हती. परसाकडचं दार उकाड्यापायी सताड उघडं ठेवून स्वयंपाकघरातच पानं मांडली. ताटात भाकरी, कांदा, लिंबू. मटणाचं पातेलं दाराजवळ चुंबळीवर. आमेन झाल्यावर गरम गरम वाढायचं, असा आईचा बेत. आई पदर डोक्यावरून घेऊन चुलीपाशी उभी, ताई पलीकडच्या भिंतीला टेकून.

"प्रार्थना प्रेमानंदानं करावी," मास्तर म्हणाले. "ऐकलंय मी, चांगली करतो. नाहीतर हल्लीची पोरं! प्रार्थनेत एक डोळा उघडा. मी शाळेत अशी पोरं हुडकून काढायचो आणि वर्गाबाहेर उभी करायचो."

"बरोबर आहे मास्तर," मी म्हणालो. "प्रार्थनेत डोळा उघडणं म्हणजे देवाचा अपमान!" (डोळे मिटलेल्या मास्तरांना ती पोरं दिसायची कशी, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.)

ताई माझ्या कानाशी वाकली. "दोन वाक्यं. तिसरं बोललास तर बघ."

मी सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरुवात केली.

प्रकाश झाला, पाणी आणि कोरडी जमीन वेगळी झाली. जलप्रलय आला आणि ओसरला. मिसर देशातून बाहेर पडून मी रानात पोचलो, आणि आवाज असा काही लागला होता की त्याचा मास्तरांवर काय परिणाम होतोय, ते बघायचा मोह मला आवरला नाही. मी एक डोळा किलकिला केला.

मास्तरांचे डोळे मिटलेले दिसले. पण त्यांच्या बाजूला, परसाच्या दारात, गल्लीतलं पिवळं कुत्रं उभं होतं.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग त्यानं अत्यंत सभ्यपणे पातेल्यावरचं ताट नाकानं बाजूला सारलं.

ताट खाली पडून खणखणलं!

"आणि यरीहोची तटबंदी कोसळली!" मी ओरडलो.

"आमेन," मास्तर डोळे मिटूनच म्हणाले.

आता काय करायचं? "हाड" म्हणावं, तर माझा डोळा उघडा होता हे जाहीर. आमेन म्हणावं, तर सगळ्यांचे डोळे उघडणार, आणि सोयरिकीच्या पातेल्यात कुत्र्याचं मुंडकं दिसणार! झालं, तिसरं स्थळही गेलं. म्हणजे मार्ग एकच: कुत्रं जाईपर्यंत प्रार्थना चालू ठेवायची.

मी देशासाठी प्रार्थना केली. सरकारसाठी केली. पावसासाठी, पिकांसाठी, गिरणी कामगारांसाठी, तुरुंगातल्या कैद्यांसाठी केली. "हे प्रभो, जे आगंतुक दाराशी येतात त्यांना परत जाण्याची सद्बुद्धी दे!" असं कुत्र्याकडे बघून ठासून म्हणालो. कुत्र्यानं एक नळी काढली. पायानं त्याला हुसकावावं म्हणून मी पाय लांबवला, तर तांब्या कलंडला आणि पाणी थेट मास्तरांच्या मांडीखाली गेलं. मास्तर जागचे हलले नाहीत! काय ती श्रद्धा! मी घाईघाईनं जगातल्या नद्यांसाठी उपकार मानले.

आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की ताईचेही डोळे उघडे आहेत.

ती माझ्याकडे बघत नव्हती. (बघितलं असतं तर आज मी हे लिहायला उरलो नसतो.) ती दानिएलकडे बघत होती. आणि दानिएल तिच्याकडे. ताईनं भुवईनं पातेलं दाखवलं. दानिएलनं आपल्या ताटातली अर्धी भाकरी हळूच उचलली, कुत्र्याला दाखवली आणि परसात भिरकावली. कुत्रं तिच्यामागे धावलं. ताई मांजराच्या पावलानं गेली, दाराची कडी लावली, पातेल्यात डोकावली, आणि त्याच्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. दानिएलचे खांदे हसून गदगदू लागले. ताईनं तोंडात पदर कोंबला. दोन स्थळांना पळवून लावणारी माझी बहीण लाजत होती! मी हा चमत्कार बघण्यात इतका रंगलो, की कुत्रं जाऊनही बराच वेळ परदेशातल्या मंडळ्यांसाठी प्रार्थना करत राहिलो.

शेवटी आमेन झालं. डोळे उघडले. आई पळी घेऊन पातेल्याशी गेली आणि थांबली.

काहीतरी बोलणं भाग होतं. मी बोललो. "आज आमच्याकडे उपास आहे."

"उपास?" मास्तर म्हणाले. "मग हा काळ्या मसाल्याचा वास कशाचा?"

"मटण कुत्र्यानं खाल्लं, मास्तर," ताई म्हणाली. "मी बघितलं."

"म्हणजे प्रार्थनेत तुझे डोळे उघडे होते?"

आईच्या हातातली पळी तशीच. ताईनं मान खाली घातली नाही.

"होते. वॉर्डात डोळे मिटून प्रार्थना केली तर पेशंट पलंगावरून पडतो. मला उघड्या डोळ्यांनीच सवय आहे. देवाला चालतं, आजवर तक्रार आलेली नाही."

"बाबा, माझेही उघडे होते," दानिएल म्हणाला.

मास्तर माझ्याकडे वळले. "आणि तुझे?"

"एकच," मी म्हणालो.

मास्तरांनी टोपी काढली, डोकं खाजवलं. "अरे, माझेही किलकिले उघडेच होते की! नाहीतर शाळेतली पोरं मला दिसली असती कशी? कुत्रं आलं तेव्हाच बघितलं मी. म्हटलं, गप बसावं. सून म्हणून जी यायची ती अडचणीला काय करते, ते बघावं." त्यांनी ओली विजार झटकली. "ओरडली नाही, घाबरली नाही, विचारल्यावर खोटं बोलली नाही. बाई, तुमची मुलगी आम्हाला पसंत आहे. आमचा मुलगा तिला पसंत आहे का, ते विचारायची गरज वाटत नाही."

ताई पुन्हा लाजली. एका दिवसात दोनदा!

तेवढ्यात पुढच्या दारातून नीलव्वा आत आली. डोक्यावर भाकऱ्यांची दुरडी, एका हातात झुणका, दुसऱ्या हातात शेंगाची चटणी, मागून तिची सून दह्याचं भांडं घेऊन.

"नळी तोंडात धरून जाताना दिसलं की ते कुत्रं," ती आईला म्हणाली. "म्हटलं, मटण गेलं. आता यायला हरकत न्हाय." आणि मास्तरांकडे वळून माहेरच्या कानडीत अगदी अगत्यानं, "ऊटा आतेन्री?"

जेवण झालं का, असं ती विचारत होती!

"इल्लव्वा, नायी तिंतु," मास्तर म्हणाले. (नाही बाई, कुत्र्यानं खाल्लं.) आणि हेडमास्तरकीत साठवून ठेवलेलं सगळं हसू त्यांनी एकदम सोडलं.

मग काय जेवलो आम्ही! नीलव्वा मास्तरांशी दुधनीच्या एकेका घराची चौकशी करत आग्रहानं वाढत होती, आणि मला वाढताना म्हणाली, "भिंतीपल्याड समदं ऐकलं मी. तुमच्या देवाला सगळं ठावं असतंय म्हनतोस, मग एवढं इस्कटून कुनाला सांगत हुतास रं?" मी चटणीत तोंड घातलं.

पाहुणे गेल्यावर मी हिशोब मांडत बसलो. मास्तरांचे डोळे उघडे, दानिएलचे उघडे, ताईचे उघडे, माझा एक उघडा. ताट खणखणलं, तांब्या सांडला, कडी वाजली, तरी पापणी हलली नव्हती ती फक्त आईची. घरातला एवढा मोठा दिवस, बाबा गाडीवर, दिवसभराची मेहनत कुत्र्याच्या पोटात, आणि ती एकटी खरोखर देवाशी बोलत उभी होती. मला तिचं एवढं कौतुक वाटलं, की पातेलं घासत बसलेल्या आईजवळ मी गेलो.

"आई, आमच्या सगळ्यांत खरी प्रार्थना तूच केलीस. एवढा वेळ काय मागत होतीस?"

"एकच," आई पातेल्याला राख लावत म्हणाली. "बापा, ह्याला थांबव. पण तू देवाला मधे बोलू देशील तर ना!"